भोपाळची ३ डिसेंबर: स्मरणाचे न सुटलेले प्रश्न

भोपाळमध्ये दरवर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला एकाच दुर्घटनेचे, १९८४ च्या वायुगळतीचे, स्मरण दोन ठिकाणी, दोन निराळ्या रीतींनी होते. बरकतउल्ला भवनात सरकारतर्फे सर्वधर्म प्रार्थनासभा भरते. निरनिराळ्या धर्मांचे गुरू प्रार्थना म्हणतात, मौन पाळले जाते, शहरातल्या सरकारी कार्यालयांना ३ तारखेला सुट्टी असते. त्याच सुमारास जुन्या शहराच्या वस्त्यांमधून मशाली घेऊन बायका-पुरुष निघतात. पुढे मोर्चा युनियन कार्बाइडच्या बंद पडलेल्या कारखान्याकडे जातो, कंपनीच्या पुतळ्याचे दहन होते आणि मागण्या वाचून दाखवल्या जातात. एकीकडे मृतांसाठी शांती मागितली जाते, दुसरीकडे जिवंतांसाठी औषध, स्वच्छ पाणी, भरपाई आणि खटल्याचा निकाल.

गेल्या चाळीस वर्षांत हे दोन कार्यक्रम एकत्र आलेले नाहीत. त्यामागे राजकीय रस्सीखेच आहे हे खरे, पण तेवढेच कारण नाही. भोपाळचे स्मरण कसे करावे, स्मारक असावे का, असलेच तर कुठे आणि कुणाच्या पैशाने, त्यावर काय लिहावे, या प्रश्नांवर पीडितांच्या संघटना, सरकार, वास्तुविशारद, डॉक्टर, वकील आणि रसायन अभियंते यांनी मांडलेल्या भूमिका बऱ्याच परिपक्व आहेत. त्या एकत्र मांडून कुठे मतैक्य झाले आहे आणि कुठे नाही हे पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू. वाचताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. या वादातला जवळपास प्रत्येक मुद्दा फिरून एकाच प्रश्नाशी येतो: दुर्घटना संपली आहे की अजून चालू आहे?

ती रात्र, तिच्या आधी आणि नंतर

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या कीटकनाशक कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. पाण्याशी प्रक्रिया होऊन टाकी तापली आणि मध्यरात्रीनंतर वायू बाहेर फुटला. टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती, वायू जाळून टाकणारी ज्योत-मनोऱ्याची वाहिनी दुरुस्तीसाठी तुटलेली होती आणि वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा एवढ्या लोटापुढे अपुरी होती. वाऱ्याने तो लोट जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला आणि रेल्वे स्थानकाच्या दिशेने नेला. तोंडावर ओला कपडा धरा, पळू नका, एवढी साधी सूचनाही लोकांपर्यंत पोहोचली नाही. हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना कोणत्या विषावर उपचार करायचे आहेत हेच ठाऊक नव्हते.

पण भोपाळची कथा त्या रात्री सुरू झाली नाही, हे स्मरणाच्या वादात पुन्हा पुन्हा सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने कारखान्यातील एका कामगाराचा बळी घेतला होता. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये ‘रपट’ या आपल्या लहानशा साप्ताहिकात हा कारखाना शहराच्या जिवावर उठेल, असा इशारा लेखांमागून लेख लिहून दिला. जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तूनही त्यांनी तेच सांगितले. कारखान्याबाहेरची सौर बाष्पीभवन तळी १९७७ ची. त्यांत आणि कारखान्याच्या आवारात पुरलेल्या कचऱ्यातून झिरपणारे विष भूजलात उतरत होते.

नंतरचा काळ कोर्टकचेऱ्यांचा आहे. मार्च १९८५ मध्ये संसदेने कायदा करून पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. अमेरिकेतला दावा १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने भारतात पाठवला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांच्यासाठी ती झाली त्यांना कुणी विचारले नव्हते. १९९१ मध्ये फेरविचारात, तडजोडीने संपवलेला फौजदारी खटला पुन्हा जिवंत झाला, १९९६ मध्ये सदोष मनुष्यवधाचे कलम काढून निष्काळजीपणाचे लावले गेले आणि ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. दुर्घटनेच्या वेळचे युनियन कार्बाइडचे प्रमुख वॉरेन अँडरसन फरारी घोषित असतानाच २०१४ मध्ये अमेरिकेत मरण पावले. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली क्युरेटिव्ह याचिका १४ मार्च २०२३ रोजी घटनापीठाने फेटाळली. २००१ मध्ये युनियन कार्बाइड विकत घेणारी डाऊ केमिकल ही कंपनी आपले कोणतेही दायित्व मानत नाही. भोपाळच्या न्यायालयात तिच्या वतीने वकील पहिल्यांदा उभे राहिले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि तेही या न्यायालयाला आपल्यावर अधिकार नाही असे सांगायला.

किती माणसे गेली?

स्मरणाची पहिली अडचण संख्येची आहे. सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे राज्य सरकारने तो ३,७८७ केला. भरपाईच्या दाव्यांत मृत्यू म्हणून मान्य झालेली प्रकरणे ५,२९५ आहेत. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालात पहिल्या काही दिवसांत सात ते दहा हजार आणि पुढच्या वर्षांत आणखी पंधरा हजार मृत्यूंचा अंदाज दिला आहे. पीडित संघटनांचे आकडे त्याच्या जवळपास किंवा वर जातात.

ही तफावत केवळ मोजणीतल्या चुकांची नाही. वायूने फुप्फुसे निकामी झालेला माणूस १९९१ मध्ये क्षयाने गेला तर तो भोपाळचा मृत की क्षयाचा, हे ठरवायला दीर्घकालीन वैद्यकीय अभ्यास लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तो सुरू केला आणि १९९४ मध्ये थांबवला. त्यातले बरेचसे निष्कर्ष प्रसिद्ध व्हायला आणखी दहा वर्षे गेली. भोपाळमध्ये त्यासाठी राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था स्थापन झाली ती २०१० मध्ये. मधल्या सोळा वर्षांत जे मेले, त्यांच्या मृत्यूचे कारण शास्त्रीयदृष्ट्या नीट कधीच नोंदले गेले नाही.

स्मारकाच्या दृष्टीने याचा परिणाम थेट आहे. जगभरातल्या स्मारकांवर मृतांची नावे कोरलेली असतात. भोपाळमध्ये आकड्यावरच एकमत नाही, तिथे नावांची सर्वमान्य यादी कुठून येणार? आणि सरकारी यादी कोरली, तर कमी धरलेला आकडा दगडावर कायमचा होईल, ही संघटनांची भीती अनाठायी नाही.

सरकारची भूमिका

सरकारी बाजू अनेकदा तुच्छतेने बाजूला सारली जाते, पण तिच्यात एक सुसंगत विचार आहे. शहराची ओळख कायमची एका विषारी रात्रीशी जोडलेली राहू नये, उद्योग आणि पर्यटन यावे, तलावांचे आणि नवाबांच्या मशिदींचे भोपाळ लोकांच्या नजरेत यावे, असे राज्यकर्त्यांना वाटते. यात वावगे काही नाही. कोणत्याही शहराला तसे वाटेल. प्रार्थनासभा सर्वांना एका छताखाली आणते आणि त्या दिवशी तरी शोकाला राजकारणापासून अलग ठेवते, असे तिचे समर्थक म्हणतात. २ डिसेंबर हा देशभर राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन म्हणून पाळला जातो, त्यातून भोपाळचा धडा सगळ्या देशाचा झाला, हाही त्यांचा दावा.

टीकाकारांचे उत्तर दोन पातळ्यांवर आहे. ‘प्रदूषण नियंत्रण दिन’ म्हटल्यावर दोषी कोण, हा प्रश्न गळून पडतो. प्रदूषण हवेसारखे सगळ्यांचे आणि कुणाचेच नसलेले होऊन बसते. दुसरे असे की सरकार या प्रकरणात तटस्थ यजमान नाही. कारखान्याला परवाने देणारे, पीडितांचे पालकत्व घेणारे आणि तडजोडीवर सही करणारे तेच आहे. अशा पक्षाने बोलावलेल्या प्रार्थनासभेत शोक आणि क्षमा यांची गल्लत होते, असे संघटना सांगतात. अपघातानंतर दोनच आठवड्यांनी उरलेला वायू वापरून संपवण्याची मोहीम सरकारने हाती घेतली आणि सगळे सुरक्षित असल्याचे जाहीर केले, तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले होते. सरकारी शब्दावरचा विश्वास त्याच वेळी उडाला. तो नंतर पूर्णपणे परतलेला दिसत नाही.

पीडित संघटनांमधली वेगळी मते

बाहेरून पाहणाऱ्याला पीडित संघटना एकसंध वाटतात, पण त्या तशा नाहीत. अब्दुल जब्बार यांची भोपाल गॅस पीडित महिला उद्योग संघटना ही वर्षानुवर्षे दर शनिवारी बागेत सभा घेत असे. स्मरण म्हणजे सततची हजेरी, वर्षातला एक दिवस नव्हे, ही त्यांची धारणा. बायकांना शिवणकाम शिकवून पायावर उभे करणे हाच त्यांच्या स्मरणाचा भाग होता. २०१९ मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. रशीदाबी आणि चंपादेवी शुक्ला यांनी स्टेशनरी कामगारांच्या संघटनेतून सुरुवात करून लढा डाऊच्या दारापर्यंत नेला. २००४ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि त्याच्या रकमेतून अपंगत्व घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा राहिला. सतीनाथ सारंगी आणि सहकाऱ्यांच्या संभावना दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी अनेक वर्षे जपल्या गेल्या आहेत. मला तो दवाखाना भोपाळच्या स्मृतीचा सर्वांत भक्कम दस्तऐवज वाटतो.

स्मारकाबद्दल या मंडळींत दोन प्रवाह दिसतात. एकाचे म्हणणे, न्याय होईपर्यंत स्मारक नको. स्मारक ही पूर्णविरामाची खूण आहे. आरोपी कंपनी न्यायालयासमोर यायची आहे, जमिनीत विष आहे, पुढची पिढी आजारी आहे, अशा वेळी त्यावर चबुतरा बांधणे म्हणजे प्रकरण मिटवणे. शिवाय तो पैसा उपचारांना लावावा. दुसरा प्रवाह म्हणतो, ज्यांनी सोसले ती माणसे म्हातारी झाली, दर वर्षी कुणीतरी जाते आहे. न्यायाची वाट पाहत बसलो तर सांगणाराच उरणार नाही, म्हणून आपले स्मारक आपणच उभारावे.

या दुसऱ्या विचाराला आकार मिळालेला सर्वांत जुना नमुना कारखान्यासमोर उभा आहे. पोराला कवटाळून आणि दुसऱ्याला पदराशी घेऊन पळणाऱ्या आईचा तो पुतळा डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी १९८५ मध्ये घडवला. रूथ यांचे आईवडील नाझी छळातून वाचलेले होते. सरकारी निधी नसलेला, वस्तीच्या तोंडाशी उभा असलेला हा साधा पुतळाच आजवर मोर्चांचे ठिकाण राहिला आहे.

स्मारकाचा आराखडा आणि गंजणारा सांगाडा

राज्य सरकारने २००५ मध्ये कारखान्याच्या जागेवरील स्मारकासाठी राष्ट्रीय स्पर्धा घेतली. दिल्लीच्या ‘स्पेस मॅटर्स’ या तरुण वास्तुविशारदांच्या गटाचा आराखडा निवडला गेला. कारखान्याचे सांगाडे पाडून नवे काही उभारायचे नाही. तेच जपायचे, भोवती लोकांना येता-बसता येईल अशी जागा करायची आणि आजूबाजूच्या वस्त्यांना त्यात सामील करून घ्यायचे, असा त्याचा गाभा होता. प्रत्यक्षात काम पुढे सरकले नाही. संघटनांचा आक्षेप, जागेची विषारी अवस्था आणि प्रशासनाची उदासीनता, यांतले कोणते कारण मोठे यावर मतभेद आहेत.

या निमित्ताने वास्तुविशारद आणि संवर्धनतज्ज्ञांनी जी भूमिका घेतली ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिने वादाचा कोन बदलला. त्यांच्या मते मिथाइल आयसोसायनेटचा तो गंजलेला मनोरा, नियंत्रण कक्ष आणि जमिनीतून बाहेर काढून ठेवलेली ६१० क्रमांकाची टाकी ही गुन्ह्याची साधने आहेत, पुरावा आहे. खटला चालू असो वा नसो, पुरावा नष्ट होऊ द्यायचा नसतो. लोखंड गंजते आहे, झाडे पाइपांमधून वाढली आहेत, भंगारवाल्यांनी बरेच काही नेले आहे. निर्णय झाला नाही तर पावसाळेच तो घेतील.

यावर खरी अडचण पर्यावरण अभियंत्यांनी मांडली. सांगाड्यांवर आणि त्यांच्याखालच्या मातीत रसायने आहेत. जागा नीट साफ करायची तर खोदावे लागेल, काही बांधकाम हलवावे लागेल. जतन करायचे तर हात लावता येत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेबरोबर केलेल्या अभ्यासात, २०१० मध्ये, दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन सांगितला होता. एवढी माती काढून टाकायची की जागेवरच बंदिस्त करायची, यावरही शास्त्रज्ञांचे एकमत नाही.

आसपासच्या रहिवाशांचे म्हणणे चर्चेत सहसा येत नाही. कुंपणाच्या तुटलेल्या भागातून पोरे आत क्रिकेट खेळायला जातात, बकऱ्या चरतात. अनेकांना तिथे स्मारकापेक्षा रुग्णालय, मैदान किंवा रोजगार देणारे काही हवे आहे. त्यांच्या दृष्टीने साठ-सत्तर एकर मोकळी जागा शहराच्या मधोमध पडून राहणे हीच चालू दुर्घटना आहे.

माझ्या मते इथे दोन निर्णयांची सांगड विनाकारण घातली गेली आहे. सांगाडा टिकवायचा की नाही हा एक निर्णय, आणि स्मारक उभारून त्यावर मजकूर लिहायचा की नाही हा दुसरा. पहिला थांबवता येणार नाही, दुसरा हवा तेवढा थांबवता येतो. गंज रोखणे, आवाराला नीट कुंपण घालणे, टाकीवर छप्पर करणे यांसाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. ते केल्याने पीडितांचा कोणताही दावा सौम्य होत नाही. उलट तो अधिक बळकट होईल.

घराएवढे संग्रहालय

सरकारी स्मारक रेंगाळले असताना २०१४ च्या २ डिसेंबरला ‘रिमेंबर भोपाळ’ हे संग्रहालय सुरू झाले. पत्रकार रमा लक्ष्मी आणि पीडितांच्या गटांनी ते मिळून उभे केले. सरकारचा आणि कंपन्यांचा पैसा घ्यायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेले. एका लहान घरात, भिंतींवर छायाचित्रे आणि कोनाड्यांत लोकांनी दिलेल्या वस्तू. दूरध्वनीचा रिसीव्हर कानाला लावला की ज्याची ती वस्तू, त्याचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा आवाज ऐकू येतो. वस्तूबद्दलची माहिती दुसरा कुणी सांगत नाही.

यावर अभ्यासकांनी दोन प्रकारची मते नोंदवली. एकाच्या मते भोपाळचे स्मरण असेच व्हायला हवे, कारण इथे पीडित बोलतात, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. दुसऱ्याची शंका अशी की, आंदोलनाने चालवलेल्या संग्रहालयात आंदोलनाला सोयीचे नसलेले आवाज, म्हणजे कारखान्यातले कामगार, रेल्वे कर्मचारी, ज्यांनी दावा केलाच नाही असे लोक, कितपत येतात? भाड्याची जागा आणि वर्गणी यांवर अशी संस्था किती वर्षे टिकेल, हीदेखील चिंता आहे. मला दुसऱ्या मताची शंका गैरलागू वाटत नाही, पण जे काम सरकारने तीस वर्षे केले नाही ते हाती घेणाऱ्यांकडून संपूर्णतेची अपेक्षा करणे अवघड जाते.

चित्रपट, मालिका आणि छायाचित्रे यांबद्दलचा वाद थोडक्यात सांगतो. पुरलेल्या एका अनोळखी मुलाच्या चेहऱ्याचे रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी टिपलेले चित्र जगभर भोपाळची ओळख बनले. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला त्या वर्षीचा जागतिक पुरस्कार मिळाला. त्या चित्राने जगाला जागे केले, असे एक मत. त्याने भोपाळ कायमचे असहाय मुलाच्या चेहऱ्यात गोठवले आणि लढणाऱ्या बायका चौकटीबाहेर राहिल्या, असे दुसरे. २०२३ मध्ये आलेली ‘द रेल्वे मेन’ ही मालिका थांबवावी म्हणून कारखान्याचे दोन माजी अधिकारी मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, न्यायालयाने स्थगिती नाकारली. चाळीस वर्षांनंतरही दोषाची गोष्ट पडद्यावर दाखवायची की नाही, यावर भांडण होते.

कारण कोणते लिहायचे?

स्मारकावर एक ओळ तरी लिहावी लागेल: हे का घडले? इथे दोन कथा आहेत. युनियन कार्बाइडने १९८८ मध्ये आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेच्या अभ्यासाचा आधार घेत म्हटले की, एका नाराज कामगाराने जाणूनबुजून टाकीत पाणी सोडले. त्या कामगाराचे नाव कंपनीने कोणत्याही न्यायालयात सिद्ध केले नाही. डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शास्त्रज्ञांच्या अहवालाने १९८५ मध्येच, एवढा साठा एकाच मोठ्या टाकीत ठेवणे, सुरक्षा यंत्रणांची अवस्था आणि रचना यांवर बोट ठेवले होते. पाणी कसे शिरले याबद्दल अभियंत्यांमध्ये आजही तांत्रिक वाद असू शकतो. पण पाणी शिरल्यावर एवढा विनाश होऊ नये म्हणून जे जे चालू असायला हवे होते ते चालू नव्हते, याबद्दल गंभीर मतभेद उरलेला नाही. स्मारकावरच्या ओळीला तेवढा आधार पुरेसा आहे.

दुसरीकडे कसे झाले

भोपाळच्या चर्चेत हिरोशिमाचा दाखला नेहमी येतो. अणुबॉम्बच्या स्फोटातून उरलेला तिथला घुमट पाडायचा की ठेवायचा, यावर शहरात सुमारे वीस वर्षे मतभेद होते. १९६६ मध्ये नगर परिषदेने तो जपण्याचा ठराव केला, १९९६ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत आला. म्हणजे वाट पाहणे हे अपयशच असते असे नाही. पण घुमट मधल्या काळात कोसळू दिला नव्हता.

भोपाळच्या अधिक जवळचे उदाहरण जपानमधल्याच मिनामाताचे आहे. चिसो कंपनीने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने तिथे माणसे मेली आणि पांगळी झाली. १ मे १९५६ ही आजाराच्या अधिकृत नोंदीची तारीख, त्या दिवशी स्मरणसभा होते. पाऱ्याचा गाळ बुजवून केलेल्या भरावावर उद्यान आहे, त्यातच स्मारक आहे. सरकारचा मंत्री सभेला येतो, पीडितांना भेटतो. तरी मे २०२४ मध्ये पीडित बोलत असताना ठरलेली वेळ संपताच अधिकाऱ्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला आणि नंतर पर्यावरणमंत्र्यांना माफी मागावी लागली. इटलीतल्या सेवेसोमध्ये १९७६ च्या डायऑक्सिन दुर्घटनेनंतर दूषित माती बंदिस्त करून वर ओकचे रान लावले आहे. विषारी जमिनीवरही स्मरणाची जागा करता येते, मात्र विष कुठे आणि किती खोल पुरले आहे हे आधी लोकांना सांगावे लागते.

कोण पीडित? तारीख कुठली?

सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न शेवटी घेतो. ३ डिसेंबर ही तारीख वायूची आहे. पण कारखान्याच्या उत्तरेकडच्या वस्त्यांतील ज्यांनी १९८४ नंतर तिथे घर केले आणि हातपंपाचे दूषित पाणी पिऊन आजारी पडले, त्यांची तारीख कोणती? ते वायुपीडितांच्या यादीत बसत नाहीत. नळाचे पाणी त्या वस्त्यांपर्यंत पोहोचायला कित्येक वर्षे आणि सर्वोच्च न्यायालयाचे आदेश लागले. ज्यांच्या आई-वडिलांनी वायू श्वासात घेतला आणि ज्यांच्यात जन्मतः व्यंगे आहेत, त्या मुलांचा या घटनेशी संबंध कितपत, याविषयी संशोधन अपुरे आहे आणि भरपाईच्या चौकटीत त्यांना जागा नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय नोंदी संगणकावर आणण्याचे आदेश दिले, त्यांच्या पूर्ततेचा पाठपुरावा उच्च न्यायालयात रेंगाळत राहिला.

कचऱ्याच्या विल्हेवाटीने ही व्याप्ती आणखी वाढवली. डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कारखान्यात गोळा करून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला इंदूरजवळच्या पिथमपूरला नेण्यात आला. तिथल्या लोकांनी तीव्र निदर्शने केली. चाचण्यांनंतर जूनअखेर तो जाळून संपल्याचे सरकारने जाहीर केले. काही वृत्तपत्रांनी तेव्हा भोपाळचे प्रकरण संपल्याच्या थाटात मथळे दिले. जमिनीतली माती मात्र आहे तिथेच आहे, आणि पिथमपूर या वादात नव्याने ओढले गेले.

म्हणून स्मरणदिन एका रात्रीला बांधणे, हा सोयीचा पण अपुरा पर्याय आहे. त्या रात्रीने शोकाला एक ठोस आकार दिला हे मान्य. पण ज्यांचे दुःख त्या रात्रीत मावत नाही, त्यांना दरवर्षी त्या दिवशी बाजूला उभे राहावे लागते.

उद्योगाची आठवण, आणि आपण

एका ठिकाणी मात्र भोपाळ विस्मरणात गेलेले नाही: रसायन उद्योगाच्या सुरक्षाशास्त्रात. अमेरिकेत १९८५ मध्ये रासायनिक प्रक्रिया सुरक्षेचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले, ते भोपाळमुळे. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला, कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण १९८७ मध्ये जोडले गेले, धोकादायक रसायनांविषयीचे नियम १९८९ मध्ये आणि सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ मध्ये. दिल्लीच्या ओलियम गळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगावर निरपवाद दायित्वाचा सिद्धान्त मांडला, तोही भोपाळच्या सावलीत. काही अभ्यासक म्हणतात की हेच खरे स्मारक आहे. पीडितांचे कार्यकर्ते उत्तर देतात की कायदे झाले, पण विशाखापट्टणममध्ये ७ मे २०२० ला स्टायरीन गळलेच. आपण डोंबिवलीत २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये स्फोट पाहिले.

युनियन कार्बाइडचा रसायनांचा एक कारखाना ट्रॉम्बेलाही होता, म्हणून महाराष्ट्राला भोपाळ परके नाही. तारापूर, तळोजा, रोहा, महाड, लोटे परशुराम, पाताळगंगा, डोंबिवली या पट्ट्यात लाखो लोक रसायनांच्या साठ्यांजवळ राहतात. १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्याने आतली आपत्कालीन योजना करायची, बाहेरच्या वस्तीसाठीची जिल्हा प्रशासनाने करायची आणि अपघात झाल्यास काय करायचे हे आसपासच्या लोकांना आधीच सांगायचे, असे कायद्यात लिहिलेले आहे. भोपाळमध्ये नेमके हेच झाले नव्हते. तुमच्या वस्तीला हे कधी कुणी सांगितले आहे का? नसेल तर येत्या ३ डिसेंबरला जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन तुमच्या भागाची बाह्य आपत्कालीन योजना मागा, भोंगा वाजला तर कोणत्या दिशेला जायचे ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.